कोर्टाच्या गॅलरीतून सोडलेला ओळंबा

असल्या गोष्टी मी वाचतो आणि हसून सोडून देतो... म्हणजे द्यायचो. वडील नंदेसरीला केमिकल फॅक्टरीत आहेत, घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी असलं काही लिहितोय हे त्यांना आवडणार नाही. तरी लिहितो. नीट सांगता येईल का, माहीत नाही.

मी बडोद्यात आर्किटेक्चर शिकतो. जुनी इमारत स्वतः मोजून तिचे नकाशे काढणं हा आमच्या अभ्यासाचा भाग. आमच्या गटाला सूरसागर तलावाजवळचं जुनं कोर्ट मिळालं. कोर्ट नव्या इमारतीत गेल्यापासून ते रिकामंच होतं. मुळात ते मार्केट म्हणून बांधलं, असं म्हणतात – मधला हॉल तसाच आहे, प्रचंड उंच, कमानींचा, भिंतींवर रंगीत मोझेइक आणि वर गॅलरी.

भर दुपार होती. खाली मनाली, वर गॅलरीत मी आणि जिग्नेश. खांब सरळ आहे का ते बघायला जिग्नेशने ओळंबा खाली सोडला – दोरीला बांधलेलं मुठीएवढं पितळी वजन. दोरी निसटू नये म्हणून ती मनगटाला गुंडाळून घेतली.

"अल्या, हलवू नको ना!" मनाली ओरडली.

"मॅडम, तमे ज आवो ने उपर!" तुम्हीच या वर, म्हणत तो हसला.

आणि दोरीला झटका बसला. जिग्नेश छातीने कठड्यावर आदळला. दुसऱ्या झटक्याला त्याचा खांदा निखळला – तो आवाज मी ऐकला. "पकडी राख! पकडी राख!" धरून ठेव म्हणून तो किंचाळत होता. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, पाय कठड्याला रोवले, तरी आम्ही दोघंही सरकत होतो. दोरी मनगटात रुतली, कातडी फाटली, रक्त ओघळलं. झटके थांबेनात. त्याचं डोकं कठड्यापलीकडे गेलं, तेव्हा मी खिशातला कटर काढून दोरी कापली.

खाली जे आदळलं, त्याचा आवाज मुठीएवढ्या पितळेचा नव्हता.

मनाली धावत वर आली, पांढरीफटक. "तुम्ही कशाशी झटत होतात? ओळंबा जागचा हललासुद्धा नाही. मी मोजपट्टी लावून उभी होते त्याला!"

जिग्नेशच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्याची दोन बोटं अजून वळत नाहीत. हॉस्पिटलमध्ये मी त्याला विचारलं, "एवढ्या जोरात कोण खेचत असेल रे?"

तो म्हणाला, "खेचत नव्हतं कोणी, भाई. दोरी माझ्या हातात होती, मला कळत होतं. एक हात... मग दुसरा हात. कोणीतरी वर चढत होतं."

"मग?"

"पोचलंच होतं. तू कापली."

सर म्हणतात, घाबरल्यावर असे भास होतात. असतील. मी मित्राला वाचवलं, हे तर सगळेच म्हणतात, मलाही तसंच वाटतं... बहुतेक. पण ती दोरी मी कोणाच्या हातातली कापली, ते मला आजही सांगता येत नाही.