पेठच्या थांब्यावरची सोबत

कट्टर संघटनांत जाणाऱ्या बायकांवर मी संशोधन करत होते, त्यासाठी पेठला जायचे. एकदा माझा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, धमक्यांचे फोन आले. मग थांब्यासमोर मोटरसायकली लावून पोरं उभी राहू लागली. तेव्हापासून शेंगा विकणारी एक बाई टोपली उचलून माझ्याशेजारी येऊन बसायची. एसटी येईपर्यंत हलायची नाही, फारसं बोलायचीही नाही.

शेवटी मीच विचारलं, "मावशी, रोज का थांबता?"

"त्या पोरांत माझा ल्योक हाय," ती म्हणाली. "मी बसल्यावर त्यो फुडं येत न्हाई. घरी मातुर मला लई बोलतो."

त्याच दिवशी मी पुण्याला निघून आले, परत गेले नाही. ती त्या संध्याकाळीही त्याला भाकरी वाढायला घरी गेली असेल.