आंब्याची साठं

काल गॅलरीत आमरसाचं ताट वाळत ठेवलं, आणि तापत्या रसाचा वास घरभर झाला. त्या वासाने मला रत्नागिरीच्या आमच्या खळ्यात नेऊन उभं केलं.

दोन हजार एकचा मे महिना. सारवलेली जमीन पायांना चटके देत होती आणि माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. आई तूप लावलेल्या ताटांत रायवळ आंब्यांचा रस ओतून, उन्हात वाळवून वर्षभर पुरणारी साठं, म्हणजे आंबापोळी, घालत होती. मी चौदा वर्षांची. त्याच सकाळी पाळी आली म्हणून थोरल्या आत्याने मला पडवीत बाजूला बसवलं होतं.

"हिची सावली पडू देऊ नको गो," आत्या आईला म्हणाली. "साठं काळी पडतील. वर्षाचा रस फुकट जायचा."

आईने पदराने घाम पुसला आणि मला हाक मारली. रसाचं पातेलं माझ्या हातात दिलं. "ओत. वैशाखातलं ऊन कुणाचं सोवळं बघत नाही."

मी रस ताटात ओतला. तेव्हा वाटलं, आई नुसती चिडली आहे. आज कळतं, घरातली वर्षाची बेगमी तिने माझ्या हातांवर पणाला लावली होती.

श्रावणात आत्याने साठाचा तुकडा तोंडात टाकला. "छान झालंय हो."

"हिनेच घातलेलं," आई म्हणाली. "त्या दिवशी."

आत्याचा घास तोंडात थांबला. मग तिने तो गिळला, आणि ताटली पुन्हा पुढे केली.