राखाडी छापलेला मिस्टर सनडाऊन

डेट्रॉइटच्या पश्चिम भागात व्हर्लिन पेटवेच्या सलूनमधून कोरड्या कोपरांनी बाहेर पडायची कुणाची टाप नव्हती. वेण्या घालून झाल्या की ती गिऱ्हाइकाचे हात उलटेपालटे करून बघायची आणि काळ्या कातडीवर कोरडेपणाची राखाडी झाक दिसली की मुकाट्याने व्हॅसलीनची डबी पुढे सरकवायची. ही तिच्या आईची शिस्त. "माझी पोरं राख फासल्यासारखी जगापुढे जाणार नाहीत," म्हणत ती माउली मुलांना शाळेच्या वाटेवरून परत बोलवायची.

या शिस्तीपायीच व्हर्लिनच्या मनात एक सल कायमचा राहिला होता. ती सहा वर्षांची असताना थोरला भाऊ रॉस्को 'मिस्टर सनडाऊन' या चित्रकथेचा पहिला अंक घेऊन आला. दिवसा मोटारींच्या कारखान्यात राबणारा हा वीर सूर्य बुडाला की नेमका त्याच गावांत शिरायचा, जिथे अंधार पडल्यावर काळ्या माणसाला थांबायची बंदी होती. गल्लीतली सगळी पोरं पायरीवर बसून रॉस्कोच्या तोंडून ती गोष्ट ऐकायची. पण काळा माणूस रंगवायचा कसा, हे छापखान्यातल्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं, किंवा त्याची फिकीर नव्हती. वीराचं तोंड चक्क राखाडी उमटलं होतं. व्हर्लिनला वाटलं, बिचाऱ्याला आई नसावी. तिने डबी घेतली आणि पानापानावरचे त्याचे गाल, हात, कोपरं अगदी मनापासून चोळून काढली.

रॉस्कोने घर डोक्यावर घेतलं. पुढे जन्मभर, लग्न असो की बारसं, तो चार माणसं जमली की सुरू करायचा, "जगातला एकमेव तळलेला अंक माझ्याकडे आहे! आचारी कोण, विचारा!" लोक हसायचे, व्हर्लिनही हसायची. पुढच्या रविवारी मात्र त्याच्यासाठी काहीतरी गोड भाजून न्यायची. भावाने आपल्याला कधी माफ केलंच नाही, असं तिने धरून ठेवलं होतं.

यंदा सनडाऊनला पन्नास वर्षं झाली म्हणून चर्चच्या तळघरात सोहळा ठेवला होता. सनडाऊनसारखे केशरी झगे घातलेली पोरं टेबलांवरून उड्या मारत होती, तळलेल्या माशांचा वास सुटला होता. सोहळ्याची धावपळ करणाऱ्या कियानाला रॉस्कोने आपला अंक स्वतः होऊन दिला, हे व्हर्लिनच्या कानावर आलं. आता अख्ख्या वस्तीसमोर तमाशा होणार. तरी ती गेली, कारण न जाण्याचीच जास्त चर्चा झाली असती.

काचेच्या पेटीत दोन अंक शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. एक कुणा हौशी संग्राहकाचा, कोरा करकरीत. दुसऱ्यापुढे चिठ्ठी होती, 'पहिला अंक. तेलाने खराब झालेली प्रत.'

"मिस्टर रॉस्को, सांगा की ती तळणाची गोष्ट!" कुणीतरी मागून ओरडलं.

रॉस्को काठी टेकत पुढे आला. चष्मा लावून त्याने चिठ्ठी वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," कियाना चाचरली. "चुकलं का काही?"

"खराब म्हणजे काय गं, पोरी? दोन्ही नीट बघ, मग बोल."

सगळे वाकले. कोऱ्या अंकातला सनडाऊन आजाऱ्यासारखा फिकट होता. दुसऱ्यात तेल मुरून कागद गडद झाला होता आणि रविवारी प्रार्थनेला निघालेल्या माणसासारखा तपकिरी, तुकतुकीत सनडाऊन त्यांच्याकडे बघत होता.

"कारखान्यात एकाने मला असाच कोरा अंक दिला होता," रॉस्को म्हणाला. "घरी नेऊन उघडला तर आत कुणी परकाच माणूस. दुसऱ्या दिवशी परत करून टाकला."

"कधीची गोष्ट ही?" व्हर्लिनने विचारलं.

"तुझं सलून निघायच्या आधीची."

"आणि तरी इतकी वर्षं मला चारचौघांत बोल लावत राहिलास?"

"तू दर रविवारी माझी समजूत काढायला गरम पीच कॉबलर आणायचीस. मी कशाला तोंड उघडू?"

तळघर हसून हसून लोटपोट झालं. व्हर्लिनला हसू येईना. तिने त्याच्या हातावर चापटी मारली आणि मग तोच हात धरून ठेवला.

"मेल्या, एकदा तरी सांगायचंस. मी आजवर मनाला किती लावून घेतलं, ठाऊक आहे?"

 इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रॉस्कोने बहिणीपुढे मान खाली घातली.