गार इंजिनाला हात

साडी निवडावी तशी मी एकदा क्वाड बाइक निवडली. वाळूच्या टेकड्यांवर पळवायची ती चार चाकांची गाडी. मी बघितला फक्त रंग. लालभडक होती, टाकीत तोंड दिसत होतं. आता मला नातवंडं आहेत, पण तेव्हाच्या त्या बाईला मी चांगली ओळखते. अक्कल एवढीशी आणि गॉगल एवढा मोठा.

बाइक लेकासाठी होती. तो बारावीत, हे गॅस प्लांटवर इंजिनिअर, आणि बापलेकाचं बोलणं मार्कांच्या पलीकडे जात नव्हतं. आखातातल्या आमच्या शहरात, अल सद्दच्या फ्लॅटमध्ये जेवताना चमच्यांचाच आवाज. दर शुक्रवारी दोघांनी वाळूत जावं, गाडी रुतली तर मिळून ढकलावी, एवढाच माझा डाव.

हे म्हणाले, "जुनी घ्यायची तर उजाडताच जायचं. मालकाला सांगायचं, आम्ही येईपर्यंत चालू करू नकोस. गार इंजिन एका झटक्यात सुरू झालं तरच घ्यायची. तापलेलं काय, कसलंही सुरू होतं."

पण सुट्टीच्या दिवशी पहाटे उठतंय कोण? मी यांना नेलं भर दुपारी, शहराबाहेर समैस्म्याला, एका व्हिलाच्या अंगणात. लेक फुटबॉलला गेलेला. विकणारा गोडबोल्या, आल्याआल्या वेलची घातलेला दाट करक चहा हातात. यांनी इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. उन्हात सगळंच तापलेलं, फाटकाची कडीसुद्धा. इंजिन उन्हानं तापलंय की त्यानं आधीच चालवून ठेवलंय, कळणार कसं?

"आज नको. उद्या सकाळी येऊ," हे पुटपुटले.

"अहो, बाइक आहे ती, तुमचा कंप्रेसर नाही! उद्या उद्या करता करता लेक कॉलेजात जाईल." आणि त्या माणसाकडे वळून, माझ्या दिव्य हिंदीत, "खलास, भैया, ले लिया!"

घरी आल्यावर लेकाला मीच सांगितलं, "बाबांनी स्वतः तपासून पास केलीय." म्हटलं, श्रेय बापाला मिळू दे.

पुढच्या शुक्रवारी, वाळवंटातल्या गार सकाळी, ती वाळूत उतरवली आणि सुरूच होईना. लेकाचे मित्र आपापल्या गाड्या घेऊन टेकडीवर चढलेले, वरून हाका मारतायत. हे घामाघूम. शेवटी लेक सगळ्यांदेखत यांना म्हणाला, "इंजिनिअर ना तुम्ही? एवढं कळलं नाही?"

यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. मग हे म्हणाले, "चुकलं माझं."

माझं एक वाक्य पुरलं असतं. सांगेन उद्या, असं म्हणत राहिले. यांच्या 'उद्या'ला टोमणे मारणारी मी!

बाइक भंगारात गेली, लेक कॅनडाला गेला. फोन माझ्याच मोबाइलवर यायचा. "बाबा बरे आहेत ना?" असं तो मला विचारायचा. "थंडीचे कपडे आहेत का विचार त्याला," हे शेजारी बसून मला सांगायचे. फोन हातात दिला तर दोघं हवामानावर बोलायचे. मग यांना अचानक हृदयाचा झटका आला. लेक यायला निघाला, पण तो विमानात होता तेव्हाच सगळं संपलं.

आता मी याच शहरात, फरीज बिन ओमरानला, लेकीकडे असते. परवा लेकाचा फोन आला. बर्फाच्या डोंगरांत हिंडायला जुनी स्नोमोबाइल घेतोय म्हणाला. पट्टा बघितला, सस्पेन्शन बघितलं. "पण आई, भरवशाची हवी. तिकडे बंद पडली तर आसपास चिटपाखरूही नसतं."

"मालकाला सांग, तू पोचायच्या आधी चालू करायची नाही," मी म्हटलं. "आधी हात लावून बघ. इंजिन गार असेल तरच सुरू करायला सांग."

तो हसायला लागला. "हे तुला कोणी शिकवलं?"

"बाबांनी. ती लाल बाइक घ्यायच्या आधी."

हसू थांबलं. मग मी सगळंच सांगून टाकलं. दुपारी नेलं ते, 'उद्या सकाळी येऊ' म्हणाले ते, पास कोणी केली ते. शेजारी नात कार्टून बघत होती, तिला आवाज कमी करायला सांगायचंही मला सुचलं नाही.

लेक एरवी माझ्याशी अर्धं इंग्रजीत बोलतो. आता हळूच म्हणाला,

"आई, बाबा होते तेव्हा का नाही सांगितलंस?"