डाव्या हाताची बटणं

सुदामला कुठल्याही नव्या मशीनवर बसवा, तो कामाला हात लावायच्या आधी बटणं बदलायचा. चूक शोधताना प्रोग्राम एकेक ओळ पुढं चालवून बघावा लागतो. त्यासाठीची मूळ बटणं वरच्या रांगेत, पार उजवीकडे. सुदाम ती डावीकडे आणायचा. कंट्रोल धरून क्यू दाबलं की एक ओळ पुढं, डब्ल्यू दाबलं की थांबा. लहानपणी टेंभुर्णीला कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. जालन्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान नवं होतं. धावड्याहून एक पिशवी घेऊन आलेला मी. उशीर मला सोसत नसे. पहिल्याच दिवशी ओरडलो, "गिऱ्हाईक उभं आहे अन् तू बटणं काय खेळतोस?"

"भाऊ, यंत्र हाताला बसवावं, हात यंत्राला न्हाई. कडबाकुट्टीनं मला येवढंच शिकवलं."

ट्रकचं वजन घेऊन पावती छापणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी केला. मला त्यानं त्याच्याच बटणांवर शिकवलं. म्हणायचा, "उजव्या हातात चहा धरा, भाऊ. डाव्यानं चूक धरा."

एकदा त्यानं विचारलं, "स्क्रीनवर खाली माझं नाव टाकू का?"

"दुकान माझं, नाव माझं," मी म्हणालो. तो हसला. मीही विसरलो.

एका मोठ्या कारखान्याच्या चार वजनकाट्यांचं काम मिळायच्या बेतात होतं. भाव मी ताणून धरला होता. त्याच सुमारास सुदाम म्हणाला, "आई बिमार हाये, गावाकडं जाऊन राह्यलो." मी त्याला माझ्या गाडीवरून स्टँडवर सोडलं. काम दुसऱ्या दुकानाला गेलं.

दोन महिन्यांनी त्या कारखान्याच्या काट्यावर बसणाऱ्या, ओळखीच्या रहीमचाचांचा निरोप आला. नव्या प्रोग्रामची पावती अडली होती, त्या दुकानाचा माणूस सापडत नव्हता, बाहेर ट्रक खोळंबले होते. मी आनंदानं गेलो. परक्याची चूक चारचौघांत दाखवायची होती. वरच्या रांगेतलं बटण दाबलं, ओळ हलेना. पुन्हा दाबलं. मग सवयीनं डावा हात कंट्रोल-क्यूवर गेला.

ओळ पुढं सरकली.

"चाचा, हे कोणी बसवलं?"

चाचांनी नजर चुकवली. "तुमचाच पोरगा ना तो, दोन बोटांचा? मला वाटलं, तुम्हीच धाडला."

मी शिव्या घातल्या, टेबलावर मूठ आपटली. मग पावती चालू करून दिली. ट्रकवाल्यांचा काय दोष? उठताना स्क्रीनच्या खाली बघितलं. त्या दुकानाचं नाव होतं. सुदामचं तिथंही नव्हतं.

तो नंतर कधी भेटला नाही, मीही शोधला नाही. घरी आल्यावर माझ्या मशीनवरची सगळी बटणं मूळ जागी नेली. आठ दिवसांत परत डावीकडे आणावी लागली. यंत्र हाताला बसवावं म्हणायचा. हरामखोरानं माझा हातच स्वतःला बसवून घेतला.