गादी मावते का?

लिहायचं टाळतेय. सकाळपासून वहिनीचा फ्रिज पुसला, दादाचे मोजे जोडीने लावले. आयुष्यात पहिल्यांदा.

आज मोघे काकांना जाऊन वर्ष झालं.

आणि उद्या सकाळी त्यांचा ट्रक भंगारात जातोय.

ट्रक म्हणजे पिकअप. बाहत्तरचा, हिरवा, पुढे एकच लांब सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इथल्या, टेक्सासच्या अर्विंगमधल्या निम्म्या मराठी लोकांच्या गाद्या त्यातून एका अपार्टमेंटमधून दुसऱ्यात गेल्यात. "काका, शनिवारी ट्रक मिळेल का?" काका स्वतः यायचे, गादीचं एक टोकही धरायचे.

मला तो चालवायला त्यांनीच शिकवलं. चोक ओढ, ॲक्सिलरेटरवर दोनदा पाय मार, मग किल्ली.

नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये ते मोजायची टेप घेऊन जायचे. खरंच. एकदा मी सोबत होते. सेल्समन लेदर दाखवतोय, कपहोल्डर दाखवतोय. काकांचा एकच प्रश्न, गादी कुठे मावते?

"सर, नोबडी पुट्स अ मॅट्रेस इन धिस."

"मग ट्रक कशाला म्हणतोस रे," हे मराठीत, माझ्याकडे बघून.

येताना लेक्चर. "आधी दोन दारं होती, मग चार झाली. पुढचं वाढलं, मागचं आखूड. मग आत गालिचा. मग मागचं झाकूनच टाकलं आणि म्हणाले एसयूव्ही. शिफ्टिंगला फोन मात्र मलाच."

गेल्या उन्हाळ्यात म्हणाले, "तू ने हा ट्रक. तुलाही एका जागी बसवत नाही, यालाही."

मी म्हटलं, "बघू काका."

आणि मी न्यू मेक्सिकोला निघून गेले. तिथे एका गॅस स्टेशनवर एक म्हातारी होती, ती... जाऊ दे. तिथेच वहिनीचा फोन आला, काका गेले.

ड्राइव्हवेमध्ये पिकअप दिसायला नको, अशी त्यांच्या सबडिव्हिजनची, म्हणजे सोसायटीची, नोटीस यायची. काका तिच्यावर चहाचा कप ठेवायचे. त्यांचा मुलगा निखिल ती वाचतो, म्हणून भंगार.

मी त्याला म्हटलं, मला दे.

"तुला? यू'ल डिच इट इन थ्री मंथ्स."



सात घरी विचारलं, गॅरेजमध्ये ठेवता का. सातही ठिकाणी ट्रेडमिल. एक तर काकांच्याच ट्रकमधून आलेली, यार. आज हेच लोक या पोस्टखाली हात जोडलेले इमोजी टाकतील.

टाका.

पण खरा राग माझ्या त्या "बघू"चा आहे.

काका, नमस्कार करते. निवांत जा.

थांबा. पोस्ट करणार तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

निखिलची एसयूव्ही. मागे पट्ट्याने बांधलेला हिरवा ट्रक. आणि त्याच्या स्टिअरिंगवर मोघे काकू, ज्यांनी तो कधीच चालवला नाही.

निखिल खालून ओरडतोय, "इट वोन्ट स्टार्ट. आई म्हणते तुला येतं."

काकू काच फिरवून खाली घेतायत. "ये गं लवकर. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलंय. मागे गादी घातलीय, रस्त्यात आपल्या दोघींना मोटेल नको शोधायला."