हातातल्या मीटरचा काटा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आमच्या घरातून देव गेले आणि त्यांच्यामागे भुतंही गेली. त्यात धंदा विमानाच्या इंजिनांचा... तिथे प्रत्येक खोडीला कारण असतंच. तरी हा प्रकार आठवला की अजून एका जागी बसवत नाही.

लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं, आणि पावसाने पाठ फिरवली होती. पाऊस पाडण्यासाठी ढगांत मीठ फवारायला एका इंजिनाचं छोटं विमान नांदेडच्या धावपट्टीवर आणलं होतं. मी मेकॅनिक, मूळचा बिलोलीचा. पायलट उदगीरचे, वयाने मोठे, म्हणून मी त्यांना आप्पा म्हणायचो. उडण्याआधी ते इंजिनाला विभूतीचं बोट लावायचे. मी चिडवायचो, "आप्पा, यानं पेट्रोल वाचतंय का?"

त्या दुपारी लातूरच्या अंगाला काळे ढग दिसले. नव्या कलेक्टर ऑफिसातून फोनवर फोन! आप्पांनी इंजिन चालू केलं, तर कार्बोरेटरमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवणारा काटा थेट लाल रेघेवर. एवढी तापलेली हवा आत गेली की इंजिनाचा जोर पडतो. जमीन सोडतानाच पडला, तर आप्पा संपले.

फिल्टर काढला. त्यात तागाचे तंतू गच्च भरलेले! आमचे चौकीदार मामू रोज विमानाच्या नाकावर ओलं पोतं टाकायचे, रांजणाला गुंडाळतात तसं.

"लई तापून राहिलं होतं बेटा," मामू म्हणाले, "म्हटलं जरा थंडं होईल."

मी हसलो. फिल्टर तुंबला, म्हणून इंजिन आतली गरम हवा ओढतंय... सापडलं! साफ करून परत चालू केलं. काटा तिथंच.

"ढग चालले रे," आप्पा वरूनच ओरडले. "काय करून राहिलास?"

"मीटरच बिघडलंय आप्पा. इंजिन बंद करा, नवं टाकतो, मंग निघा."

डब्यातून कोरं मीटर काढून तळहातावर धरलं. त्याला वायर नाही, काही नाही. आणि काटा हलला... सावकाश सरकत लाल रेघेवर जाऊन थांबला. मी ते झटकलं, उलटं केलं, सावलीत नेलं. काटा ढिम्म.

"आप्पा, खाली उतरा."

"अन् ढग?"

"जाऊ द्या. उतरा म्हन्तो ना!"

मग हवेची पेटीच खोलली. आत गरम हवा अडवणाऱ्या झडपेचा स्क्रू शेवटच्या आट्यावर लोंबत होता. झडप अर्धी उघडी, म्हणून गरम हवा. पूर्ण जोर लावला असता, तर स्क्रू सरळ कार्बोरेटरमध्ये आणि इंजिन हवेतच बंद!

ढग लातूरवरून कोरडेच गेले. फोनवरच्या शिव्या मी खाल्ल्या. नवं मीटर तपासायला पाठवलं, ते ठणठणीत निघालं.

मध्यंतरी आप्पांच्या नातीच्या लग्नाला उदगीरला गेलो होतो. त्यांनी हात धरून शेजारी बसवलं. "तुझ्यामुळं हे बघून राहिलो बाबा."

"मी न्हाई आप्पा. तो काटा."

"हाव, पण हलविला कुणी?"

मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त ऊन, चुंबक, हादरा असलं काही सांगू नका — ते सगळं मी करून बघितलंय.